बाण कुठं लागतो?

घराचा नकाशा कधी निरखून पाहिलात तर त्याच्या एका कोपऱ्यात तुम्हाला छोटा बाण दिसेल. मोरीचं आणि पागोळ्यांचं पाणी दाखवणारी रेघ घराला वळसा घालून प्लॉटच्या हद्दीपाशी येते, तिथे बाण होऊन थांबते आणि टोकाशी लिहिलेलं असतं, ‘सार्वजनिक गटाराकडे’. त्याच्या पुढचं कोणी बघत नाही. काढणारा बघत नाही, पास करणारा बघत नाही, आणि घरमालकाला तर तो उत्तर दिशेचा बाण वाटतो.

माझे पहिले सर मात्र सगळा नकाशा सोडून आधी त्या बाणावर बोट ठेवायचे. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स करून मी नुकती त्यांच्याकडे लागले होते. रोह्याहून गाडीने पेणला यायचं, पापडाच्या दुकानाशेजारचा लाकडी जिना चढायचा आणि कॉम्प्युटरवर रेघा मारत बसायचं. पहिला नकाशा मी फार सुबक काढला होता. खिडक्या, दारं, जिन्याच्या पायऱ्या, कुठे नाव ठेवायला जागा नाही. सरांनी बाणावर बोट ठेवलं.

“बाण कुठं लागतो?”

“गटाराला, सर.”

“बघून आलीस?”

“नाही.”

“मग खोड.”

मला वाटलं, माणूस चक्रम आहे. पुढे गावातल्या चार लोकांनी तेच सांगितलं, तेव्हा आपली पारख चुकलेली नाही म्हणून बरंच वाटलं.

सर परवानाधारक इंजिनीयर होते. उंच, किडकिडीत, सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी उतार बघायची वीतभर लांबीची पाणसळ आणि पँटीचे पाय खालून हातभर पिवळे. ते पिवळेपण ही त्यांची गावातली ओळख होती. गणपतीच्या कारखान्यांतून उरलेली पिवडी, म्हणजे पिवळ्या रंगाची भुकटी, ते पिशवी भरून आणायचे. नवीन प्लॉट बघायला गेले की त्याच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात पिवडी कालवलेलं पाणी ओतायचे आणि त्या पाण्याच्या मागे चालायला लागायचे. पाणी कुंपणाखालून गेलं की सर कुंपणावरून. पाणी ज्याच्या परसात शिरलं त्याच्या परसात सर. कुत्री अंगावर यायची, कोंबड्या उधळायच्या. ऐन उन्हाळ्यात टँकरची वाट बघत उभ्या असलेल्या बायकांसमोर जो माणूस बादलीभर पाणी रस्त्यावर ओततो, त्याला त्या काय म्हणतात ते मी इथे लिहू शकत नाही. सर शांतपणे ऐकून घ्यायचे आणि सांगायचे, “पाण्याला नकाशा वाचता येत नाय हो. म्हणून मी त्याच्या मागं मागं जातो.” त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्यांच्या पँटी धुवायला वेगळी बादली ठेवली होती.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. उंची राहायची. माणसाची नव्हे, त्याच्या घराच्या जोत्याची. “तो कोण गो, रस्त्यापेक्षा दीड फूट खाली राहतो तो?” असं विचारायचे आणि आपण ओळखायचं. एकदा लग्नाच्या हॉलमध्ये ग्लासातलं पाणी फरशीवर ओतून उतार बघताना नवरीच्या मामाने त्यांना धरलं होतं. दुसऱ्या एका घरी म्हातारे वारले म्हणून भेटायला गेले. उठता उठता मुलाला म्हणाले, “वडील चांगले होते. मोरीचा उतार तेवढा उलटा केलाय त्यांनी.” मुलगा पुढे कितीतरी दिवस आमच्याशी बोलला नाही. बरोबर आलेल्या वहिनीही घरी पोचेपर्यंत बोलल्या नाहीत. उतार उलटा होता हे खरं, पण ते सांगायची ती वेळ होती का? एवढं सरांना कधी कळलं नाही. पाणी चुकीच्या दिशेला जातंय हे दिसलं की त्यांच्या लेखी बाकी सगळं थांबायचं.

विकास शुल्क हा आमच्या धंद्यातला नावडता विषय. नवीन बांधकाम करायचं तर ते आधी भरावं लागतं, त्याशिवाय परवानगी हातात पडत नाही. एका गिऱ्हाइकाने मला दबक्या आवाजात विचारलं होतं, “हा विकास कुठल्या टेबलावर बसतो?” बाकीचे इंजिनीयर गिऱ्हाइकाला सांगायचे, भरा, पावती घ्या आणि विसरा. सर त्याला समोर बसवून शिध्याची गोष्ट सांगायचे.

“गावजेवण हाय असं समजा. गावापुरता स्वैपाक झालाय. तुमी ऐनवेळी अख्खं वऱ्हाड घेऊन पंगतीला बसलात. आता आमटीत पाणी वाढवायचं, का तुमी येताना तुमचा शिधा आणायचा?”

“शिधा आणायला पायजे,” गिऱ्हाईक म्हणायचं. न म्हणून सांगतंय कोणाला.

“बिल्डिंग म्हणजे वऱ्हाडच. त्यांना नळ पायजे, रस्ता पायजे, गटार पायजे. आधी बसलेल्यांनी का उपाशी उठायचं? म्हणून हा शिधा. कुरकुर न करता द्या.”

गिऱ्हाईक पटल्यासारखं करून उठायला लागलं की सर त्याचं मनगट धरायचे. “थांबा. शिधा दिला की माणूस जरा चुलीपाशी डोकावतो का नाय? तांदूळ शिजतायत का कोणी घरी नेले, ते बघायला नको?”

हा दुसरा भाग ऐकायला सहसा कोणी थांबायचं नाही. चुलीपाशी डोकवायला वेळ कोणाला आहे?

थांबला तो एक माणूस, मुश्ताकभाई. कुवेतला क्रेन चालवून त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. परत आल्यावर वडिलोपार्जित जागेवर तीन मजली बिल्डिंग बांधायला काढली. एक फ्लॅट स्वतःला, एक मुलीला, बाकीचे कंपनीत शिफ्ट करणाऱ्या लोकांना विकायचे, असा साधा हिशेब. ही जागा पेणची की रोह्याची ते मी सांगणार नाही. दोन्ही गावांत मला अजून नकाशे पास करून घ्यायचे आहेत.

जागेसमोर रस्ता, आणि रस्त्याच्या पलीकडे उतारावर कोळ्यांची पाच-सहा घरं. त्यातलं पहिलं हिराबायचं. हिराबाय सुकी मासळी विकायची. जवळा, सुकट, बोंबील, सगळा माल तिच्या पडवीत टोपल्यांत रचलेला असायचा. सरांनी मुश्ताकभाईंच्या प्लॉटच्या कोपऱ्यात पिवडीचं पाणी ओतलं, ते रस्ता ओलांडून खाली उतरलं, थेट हिराबायच्या पडवीत शिरलं आणि जवळ्याच्या टोपलीला टेकून थांबलं. मागोमाग सर आणि मी. हिराबाय बाहेर आली, जमीन पिवळी बघून तिने मलाच विचारलं, “हळद कोनाची हाय गो?”

“मुश्ताकभाईच्या बिल्डिंगची,” सर म्हणाले.

“मंग बेंजो कुठं हाय?”

आमच्याकडे बेंजो वाजल्याशिवाय हळद लागत नाही. आम्ही हसलो, तीही हसली. मग तिचं हसू थांबलं. “म्हंजे त्यांचा पानी माजे परवीन येनार?”

सरांनी तिला सांगितलं, पडवीत नाही येणार, तुझ्या दारावरून गटार जाणार आहे. नगरपालिकेच्या कचेरीत त्यांना तसं सांगण्यात आलं होतं. गटार मंजूर आहे, या भागातलं विकास शुल्क जमा झालं की काम निघेल. मुश्ताकभाईंनी शुल्क भरलं. आणि सरांनी मला बाणाच्या टोकाशी लिहायला सांगितलं, ‘नियोजित सार्वजनिक गटाराकडे’. न बघितलेल्या गटाराकडे बाण काढल्याचं मी त्यांच्या हाताखाली तेवढं एकदाच पाहिलं.

बिल्डिंग उभी राहिली. रंग लागला, टाकीत पाणी चढलं. गटार आलं नाही. त्या पैशातून वेशीवर स्वागताची कमान उभी राहिली होती. कमान दिसायला चांगली आहे. तिच्यातून मोरीचं पाणी जात नाही, एवढंच.

एका दुपारी लाकडी जिन्यावर धाप टाकत हिराबाय वर आली. डोक्यावरची टोपली तिने सरांच्या टेबलावर ठेवली, बरोबर मुश्ताकभाईंच्या नकाशावर. टोपली गळत होती.

“साहेब, त्यांनी लाद्या धुतल्या नि पानी माजे परवीन आयला. ह्यो जवला बघा. आता कोंबऱ्या पन खानार नाय. तुमचे कागदाव पानी कुठं जातंय?”

सरांनी टोपलीखालून नकाशा ओढून घेतला, तिच्याकडे फिरवला आणि बाणावर बोट ठेवून वाचून दाखवलं.

“नियोजित म्हंजे?” तिने विचारलं.

सरांनी बाणावरचं बोट उचललं. मग म्हणाले, “म्हंजे नाय.”

“नाय तर नाय लिवा,” हिराबाय म्हणाली. टोपली तिथेच ठेवून ती जिना उतरून गेली.

सर खुर्चीत मागे टेकून बसले. म्हणाले, “नियोजित वधू असते गो. नियोजित गटार नसतं. पाणी काय साखरपुड्यावर थांबत नाय.” मग त्यांनी मला नकाशा उघडायला लावला. बाणाच्या पुढचं खोड म्हणाले, आणि लिही, ‘श्रीमती हिराबाई यांच्या पडवीकडे’.

“सर, हे असं कसं लिहायचं?”

“मराठीत.”

मी लिहिलं. छापलेला कागद सरांनी सही करायला त्याच ओल्या टेबलावर पसरला, त्यामुळे कचेरीत गेला तेव्हा त्याला जवळ्याचा वास येत होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बिल्डिंग पुरी झाली की पाण्याची वाट नीट लावली आहे, असं इंजिनीयरने शेवटच्या नकाशावर सही करून द्यायचं असतं. तो नकाशा मंजूर झाला की दाखला मिळतो आणि दाखला मिळाला की लोक राहायला येतात. म्हणजे त्या एका ओळीपायी मुश्ताकभाईंचं सगळं अडलं. फ्लॅट घेणारे रोज फोन करत होते. त्यांची मुलगी दोन लेकरांना घेऊन भाड्याच्या एका खोलीत दिवस काढत होती, आणि तिच्या नावाचा फ्लॅट समोर कुलूप लावून तयार होता.

कचेरीतल्या साहेबांनी आम्हाला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, फक्त दमलेला होता.

“हे काय लिहिलंय?”

“पाणी जातं ते लिहिलंय,” सर म्हणाले.

“अहो, गटाराकडे लिहा ना.”

“गटार दाखवा, लगेच लिहितो.”

“होणार आहे ते. सगळेच असं लिहितात.”

“व्हय. मी पण लिहिलं होतं,” सर म्हणाले आणि उठले.

परत येताना मी तणतणले. सर, एका शब्दाने काय होतं, त्या माणसाची मुलगी रस्त्यावर आली आहे. सर म्हणाले, “आणि हिराबाय पाण्यात बसली तर ती कोणाची मुलगी नाय का?” मला राग आला होता. तो पूर्ण उतरला असं आजही म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी मुश्ताकभाई आले. बसले नाहीत. “साब, माझं घर तयार हाय नि मला आत जाता येत नाय. एका बाणापायी?”

सरांनी फाईल काढून त्यांच्या हातात दिली. “दुसऱ्याकडं न्या. तो संध्याकाळच्या आत बाण काढून देईल. मी राग धरणार नाय, देवाशपथ.” मुश्ताकभाई फाईल घेऊन निघून गेले. जिन्यावरचा त्यांच्या चपलांचा आवाज थांबला तसं मला वाटलं, संपलं, आता आपण गोठ्यांचे नकाशे काढायचे.

पुढचं मुश्ताकभाईंनीच मला नंतर सांगितलं. दुसऱ्या इंजिनीयरकडे जायची वाट हिराबायच्या दारावरून होती. ती बाहेर जवळा पसरत होती. कुवेतला असताना मुश्ताकभाई सुट्टीवरून परत जायला निघाले की हिराबाय त्यांना सुके बोंबील बांधून द्यायची. वास येऊ नये म्हणून कापडात घालून वरून शिवून द्यायची. तिने त्यांच्या काखेतली फाईल बघितली.

“बान बदलाला चाललाव?”

मुश्ताकभाईंनी फाईल दुसऱ्या काखेत सरकवली.

“बदल बाबा,” ती म्हणाली. “पोर भाऱ्याचे खोलीन हाय तुजी. मी टोपल्या वर टांगीन.”

“तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी गेलो असतो,” मुश्ताकभाई मला म्हणाले. “ती ‘बदल’ म्हणाली नि पाय हलेना.”

ते मागे फिरले आणि फाईल घेऊन कचेरीत जाऊन बसले. “मी बाणाचे पैसे भरले नाय, साब. गटाराचे भरले. गटार कुठं हाय ते दाखवा.” त्यांनी शिध्याच्या गोष्टीचा दुसरा भाग ऐकला होता, आणि आता ते चुलीपाशी डोकवायला लागले. त्या रस्त्यावर ज्यांनी ज्यांनी नवीन बांधलं होतं त्यांच्या घरी गेले. प्रत्येकाला एकच विचारलं, तुमचा शिधा शिजला का? हळूहळू त्या कचेरीच्या बाकावर त्यांच्या शेजारी माणसं वाढू लागली. आणि इकडे सरांचा नकाशा साहेबांच्या टेबलावर पडून होता. मंजूर करावा, तर बाईच्या पडवीत पाणी सोडायला परवानगी दिल्यासारखं. नामंजूर करावा, तर कारण लिहायला हवं, आणि कारण एकच होतं, गटार नाही. साहेबांना तो कागद धरवेना आणि सोडवेना.

मधे एक पावसाळा गेला. बिल्डिंग रिकामी राहिली. खालच्या गाळ्यात मुश्ताकभाईंनी हिराबायच्या टोपल्या ठेवून घेतल्या. आज तिथे मोबाईलचं दुकान आहे आणि भिंतींना जवळ्याचा वास येतो अशी त्या दुकानदाराची अजून तक्रार असते. दिवाळीनंतर शेवटी रस्ता खणला.

गटार पुरं झालं त्या दिवशी सर पिवडी घेऊन आले. कोपऱ्यात पाणी ओतलं, आणि आम्ही सगळे त्याच्या मागे चालत गेलो. सर, मी, मुश्ताकभाई, त्यांची मुलगी. पिवळं पाणी सिमेंटच्या पाटातून हिराबायच्या पडवीसमोरून सरळ पुढे निघून गेलं. हिराबाय दारात उभी होती. “आज बेंजो पायजे होता,” ती म्हणाली. संध्याकाळी सरांनी ती ओळ स्वतःच्या हाताने बदलली. कॉम्प्युटर त्यांना येत नसे, एकेक अक्षर शोधत त्यांनी ‘सार्वजनिक गटाराकडे’ लिहिलं. ‘नियोजित’ लिहिलं नाही.

याने सरांचं काही भलं झालं नाही. गावात त्यांना बाणवाले म्हणायला लागले आणि एकही बिल्डर परत आमचा जिना चढला नाही. खरोखरच गोठे आणि कुंपणाच्या भिंती उरल्या. एका सकाळी सरांनी खिशातली पाणसळ काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, रोह्याला स्वतःचं ऑफिस काढ, इथं दोघांपुरतं काम नाय. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांचा रागही आला. ते मात्र खिडकीतून खाली, पापडवाल्याने रस्त्यावर ओतलेलं पाणी कुठे जातंय ते बघत होते.

सर गेले तेव्हा मी वहिनींना भेटायला गेले. निघताना पाय धुवायच्या निमित्ताने मी मोरीत डोकावले. उतार बरोबर होता. मागे वळले तर वहिनी दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. त्या हसल्या. मग आम्ही दोघी पुष्कळ रडलो.

परवा त्याच कचेरीत एक नकाशा द्यायला गेले होते. साहेब बदललेत, खिडकीवर नवीन क्लार्क आहे, विशीतला, बाहेरगावचा. माझ्यापुढे एक बाई उभी होती. हिराबायची सून. हिराबाय आता थकली आहे, बाजारात सूनच बसते. तिने मला ओळखलं नाही.

“आमचा बान तुंबलाय,” ती खिडकीत म्हणाली.

“काय तुंबलंय?”

“बान. मुश्ताकभायचे बिल्डिंगपासून खाली येतो त्यो.”

“गटार म्हणायचंय का तुम्हाला?”

“तुमी काय पन म्हना. आमचे आलीन त्याला बानच म्हनतात.”

क्लार्कने कीबोर्ड पुढे ओढला आणि मान वर न करता विचारलं, “बरं, हा बाण कुठं लागतो?”

मी फाईल मिटून ऐकायला पुढे सरकले.

“आमचे परवीच्या भाईर,” ती म्हणाली. “पयला आतमधी लागायचा.”